मुंबईत काय बघू? त्यापेक्षा दादरला जाऊन बस!

आमच्या देवगाव फाट्यावरून कुणी मुंबईला निघालं की मला एक प्रश्न हमखास येतो. "तुझं तिकडं जाणं-येणं असतं, दोन दिवसांत काय काय बघू ते सांग." विचारणारा बहुतेक वेळा यादी आधीच करून आलेला असतो. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, एखादा मोठा मॉल आणि जमलंच तर एखाद्या नटाचा बंगला, बाहेरून. माझ्याकडून त्याला फक्त शिक्का हवा असतो. आणि मी दर वेळी तेच सांगतो, की बाबा रे, बघायचं सोड. दादरला उतर, शिवाजी पार्कला जा आणि बस.

"कितव्या नंबरची?" असा प्रश्न एका भाच्याने मला खरोखर विचारला होता. बेस्टची नाही रे, खाली बस. कट्ट्यावर!

आता हा सल्ला कुणी मानत नाही ही गोष्ट वेगळी. पण मला तो मनापासून द्यावासा वाटतो आणि त्यामागे थोडा विचार आहे. तो एकदा नीट लिहून काढावा, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा "ते वाच" एवढंच सांगता येईल.

ज्यांना देवगाव फाटा माहीत नाही (म्हणजे नातेवाईक सोडून बहुतेक सगळ्यांना), त्यांच्यासाठी: जिल्हा परभणी, तालुका सेलू. जालना-मंठ्याकडून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता येऊन मिळतो तो हा फाटा. फाटा म्हणजे धड गाव नव्हे आणि शहर तर नव्हेच. एसटीची वाट बघणारी माणसं, त्या माणसांसाठी चहाची हॉटेलं, मग हवा-पंक्चरवाला, मग खत-बियाण्यांचं दुकान, असं एकाला लागून एक वाढत जातं. इथल्या माणसाला एक विद्या जन्मतः येते, ती म्हणजे वाट बघत बसणं. त्यामुळे कुठल्या गावात बसायला बरं हे सांगायचा थोडा अधिकार आम्हाला आहे असं मी धरून चालतो.

दादरशी आमचं नातं रेल्वेचं. सेलू स्टेशन मनमाड-काचीगुडा लाइनवरचं, निजामाच्या अमदानीतलं. ही लाइन मीटरगेज होती तोवर मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरा, ट्रंका-पिशव्या घेऊन दुसऱ्या गाडीत चढा, असा प्रकार. नव्वदच्या दशकात लाइन रुंद झाली आणि सेलूला देवगिरीत चढलेला माणूस सकाळी थेट दादरला उतरायला लागला. त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच जणांची मुंबई ही दादरपासून सुरू होते. वाईट एवढंच, की ती तिथे पाच मिनिटंही थांबत नाही. उतरले की लगेच टॅक्सी नाहीतर लोकल, आणि चालले पुढे "मुंबई बघायला".

हल्ली "रेट्रो" नावाची एक टूम आहे. पुण्या-मुंबईतच नाही, संभाजीनगरातसुद्धा अशी कॅफे निघाली आहेत. भिंतीवर जुन्या सिनेमाची पोस्टरं, काळे गोल बटणांचे स्विच, इनॅमलचे मग, कोपऱ्यात बिघडलेला ग्रामोफोन. कॉफी दोनशे रुपयांच्या पुढे. मला त्यांच्याबद्दल राग नाही, पोरांना गंमत वाटते तर वाटू दे. पण तिथे बसलं की एक गोष्ट जाणवते. ती जुनी वस्तू तिथे काही काम करत नसते. ग्रामोफोन वाजत नाही, स्विचने दिवा लागत नाही. शिवाजी पार्कला सगळं जुनं आहे आणि सगळं कामात आहे. आणि बसायला पैसे पडत नाहीत.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. मग १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि हवा-उजेड असलेली नवी वस्ती उत्तरेला वसवायची म्हणून दादर-माटुंग्याकडे आखणी सुरू झाली. रुंद रस्ते, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, मधूनमधून बागा. माटुंग्याची पाच उद्यानं आणि हिंदू कॉलनी त्यातली. पुढे पश्चिमेला पालिकेने १९२५ साली मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं, त्याचं नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचं शिवाजी पार्क झालं. मैदान अठ्ठावीस एकरांच्या आसपासचं. त्याच्या भोवती जी घरं उभी राहिली ती मुख्यतः तीस-चाळीसच्या दशकातली, आणि काही स्वातंत्र्यानंतरची.

ही घरं बांधताना सिमेंट-काँक्रीट नवीन होतं. दगडी वाड्याच्या भिंतीला गोल वळण द्यायचं तर पाथरवटाचा जीव जाणार, काँक्रीटला ते सहज देता येतं. म्हणून इथल्या कोपऱ्यावरच्या इमारती बोटीच्या नाकासारख्या वळतात. गॅलऱ्या गोल, खिडक्यांवर लांबच लांब छज्जे (पावसाची झड आत येऊ नये म्हणून), जिन्याच्या लोखंडी जाळीत उगवता सूर्य किंवा लाटा, आणि दर्शनी भिंतीवर इमारतीचं नाव ठसठशीत अक्षरांत. आत मोझॅकची फरशी. उंची तळमजला आणि वर दोन-तीन मजले. या शैलीला आर्ट डेको म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, पण नाव कळायच्या आधीही त्या घरांकडे बघून बरं वाटायचंच.

२०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या ज्या इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या त्यात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या याच शैलीच्या इमारती आहेत. एकूण ९४ इमारती, त्यातल्या काही व्हिक्टोरियन गॉथिक, काही डेको. शिवाजी पार्क आणि माटुंगा त्या यादीत नाहीत. ते एका अर्थी बरंच आहे. वारशाची पाटी लागली की माणूस पाटी वाचतो, फोटो काढतो आणि निघतो.

तर आता दादरला गेल्यावर काय काय करावं. (बघावं नाही, करावं!)

देवगिरीतून उतरलात की आधी पश्चिमेला फुलबाजारात शिरा. सकाळीच जावं. ऊन चढलं की मजा गेली. झेंडूचे ढीग, शेवंती, मोगऱ्याचे गजरे, चाफा, आंब्याचे टहाळे, केळीचे खांब. दसऱ्या-दिवाळीला ज्याने कधी झेंडू लावलाय त्याने तर इथे जायलाच पाहिजे. आपण तोडून, पोत्यात भरून गाडीत टाकलेल्या फुलाचं पुढे काय होतं ते इथे दिसतं. विकत काही घेऊ नका, धक्का लागेल तसे पुढे सरका.

मग चालत रानडे रोडने पार्काकडे. चालताना मान वर करून चाला. दुकानांच्या पाट्यांच्या वर पहिल्या मजल्यापासून खरी इमारत सुरू होते. तिथे गॅलरीत वाळत घातलेलं धोतर, तुळस, आरामखुर्चीत पेपर वाचणारे आजोबा आणि खाली उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलणाऱ्या आजी दिसतील. हे बोलणं लक्षात ठेवा, त्याच्यावर पुढे येणार आहे.

मग पार्क. मैदानाला चारी बाजूंनी बसका कट्टा आहे, फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. एक फेरी मारा आणि मग सावली बघून टेका. समोर एकाच वेळी अनेक क्रिकेटच्या मॅचेस चालू असतात, एकाचा फाइन लेग तो दुसऱ्याचा पॉइंट. कोण कुणाच्या मॅचमध्ये आहे हे फक्त खेळणाऱ्यांना कळतं. रमाकांत आचरेकर सरांनी इथेच पोरं घडवली, त्यात सचिन तेंडुलकर. सरांचं स्मारक डिसेंबर २०२४ मध्ये पार्काच्या एका गेटाजवळ झालं, त्याचं अनावरण सचिननेच केलं. ते बघाच. पण त्याहून जास्त वेळ त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराकडे बघा, ज्याचं पॅड त्याच्या कमरेपर्यंत येतंय आणि ज्याची आई कट्ट्यावर डबा घेऊन बसलीय.

मैदानात शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९६६ सालचा. त्यात महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही, हात पुढे करून ते दिशा दाखवताहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या मोठमोठ्या सभा याच मैदानावर झाल्या. आपला मराठवाडा १९४८ ला निजामाकडून सुटला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे आपल्या सातबाऱ्यावर जे "महाराष्ट्र शासन" छापलेलं असतं, त्यासाठीच्या घोषणा या मातीवर दिल्या गेल्या. कट्ट्यावर बसून एवढा विचार केला तरी पुरे.

भूक लागली की "प्रकाश"मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. किंवा "आस्वाद"ची मिसळ, जिला २०१५ मध्ये लंडनच्या एका संस्थेने जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं. (आपल्याकडच्या माणसाला ती तिखट लागणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. तरीही खा.) वडापाव पाहिजे असेल तर तो कुठेही मिळेल, पण १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी दादर स्टेशनाबाहेरच्या गाडीवर पहिल्यांदा वडा पावात घातला असं सांगतात. म्हणजे तोही इथलाच.

दुपारी ऊन फार झालं तर आयडियलमध्ये जाऊन पुस्तकं चाळा. संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक असेल तर तिकीट काढा. हे नाट्यगृह १९६५ चं. आपल्याकडे नाटक म्हणजे गणपतीतलं, नाहीतर टीव्हीवरचं. इथे मध्यंतरात बटाटेवडा खाताना शेजारची अनोळखी बाई "दुसरा अंक जास्त चांगला आहे हं" असं आपणहून सांगते. हे तिकिटात येत नाही.

पूर्वेला जायला वेळ असेल तर हिंदू कॉलनीत राजगृह आहे, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी म्हणून बांधलेलं घर. रस्त्यावरून बघितलं तरी चालेल, पण बघा. पुढे पाच उद्यानांवरून माटुंग्याला जा. तिथे कॅफे मद्रास १९४० पासूनचं, आणि स्टेशनाजवळ रामा नायक यांचं उडुपी १९४२ पासूनचं. तिथे केळीच्या पानावर जेवण मिळतं. वाढणारा वाढतच राहतो. आपण मराठवाड्यातले लोक पंगतीत आग्रहाला हरत नाही, पण तिथे हरायची वेळ येऊ शकते.

आणि शेवटी समुद्र, चैत्यभूमी. याच्याविषयी जरा थांबून लिहितो. आमच्या भागातल्या किती तरी माणसांनी मुंबई बघितली ती सहा डिसेंबरच्या निमित्ताने. नांदेड-परभणीकडून येणाऱ्या गाड्या त्या दिवसांत तुडुंब भरून येतात. बाबासाहेबांना निरोप दिला ती जागा समुद्रकाठी, आणि बाहेरगावच्या माणसाला पाठ टेकायची जागा म्हणजे शिवाजी पार्कचं मैदान. मंडपात माणसं झोपतात, जेवतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, आणि दोन घास कमी खाऊन माणसं पुस्तकं घेऊन जातात. त्या दिवसांत गर्दीचा त्रास होतो असं कुरकुरणारे त्या वस्तीत आहेत, मी ऐकलेत. मला मात्र वाटतं, की त्या वस्तीची सगळ्यात चांगली ओळख त्या तीन दिवसांत होते. इतक्या लोकांना तिकीट न फाडता, ओळखपत्र न मागता आत घेईल अशी किती ठिकाणं राहिलीत या देशात?

तर यादी संपली. नीट बघितलंत तर लक्षात येईल, की यातल्या बहुतेक गोष्टींना एकतर पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात. आणि मला जे म्हणायचंय ते हेच. जुन्या वस्तीची किंमत तिच्या गोल गॅलरीत नाही. ती किती जणांना फुकट थांबू देते, त्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग ही घरं पाडून तिथे टॉवर होताहेत त्याबद्दल तुझं काय म्हणणं? तर माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. "वारसा वाचवा" म्हणणाऱ्यांना ते पटणार नाही, आणि बिल्डरांना तर नाहीच नाही.

आधी राहणाऱ्यांची बाजू. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने बऱ्याच जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरावर गोठवली. १९९९ चा नवा कायदा आला तरी या घरांच्या भाड्यात फार मोठा फरक पडला नाही. भाडेकरू वाचले, पण मालकाला रंग काढायचीही ऐपत किंवा इच्छा राहिली नाही. सळया गंजल्या, छज्जे सुटले, पावसाळ्यात जिन्यात बादल्या. शिवाय लिफ्ट नाही. २०१२ साली हा परिसर वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा इथल्याच कित्येक रहिवाशांनी विरोध केला. बाहेरून येऊन फोटो काढणाऱ्याने त्यांना नावं ठेवू नयेत. ज्याच्या डोक्यावर प्लॅस्टर पडतं त्याला छताविषयी बोलायचा पहिला मान.

अमेरिकेत मायामीला समुद्रकाठी अशाच डेको इमारतींची वस्ती आहे. तिथे बार्बरा कॅपिटमन नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट करून १९७९ मध्ये ती राष्ट्रीय यादीत नोंदवून घेतली. इमारती वाचल्या, रंगीत झाल्या, जगभरातून लोक यायला लागले. पण त्या काळी तिथे कमी भाड्यात राहणारी, संध्याकाळी हॉटेलच्या ओसरीत खुर्च्या टाकून बसणारी जी म्हातारी माणसं होती, ती हळूहळू नाहीशी झाली. ओसरी राहिली, बसणारे गेले. आपल्याला हेही नको.

माझी एक मावशी शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लग्न झाल्यापासून राहायची. गुडघे गेल्यावर शेवटची चार वर्षं ती खाली उतरलीच नाही. पण तिचं काही अडत नव्हतं. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाला त्यात मेथी-कोथिंबीर टाकायचा, वर पैशांवरून वाद घालायचा. खालून जाणारा कुणीही "काय मावशी, जेवलात का?" विचारायचा आणि ती तिसऱ्या मजल्यावरून उत्तर द्यायची. तीन मजल्यांपर्यंत माणसाचा आवाज पोचतो. हे त्या इमारतींचं माप आहे, आणि ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

मग इमारत पाडली, नवी झाली. मावशीला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. मोठं, हवेशीर, दोन संडास, लिफ्ट. मला वाटलं होतं ती आता वरच अडकणार. झालं उलटंच. लिफ्टमुळे मावशी चार वर्षांनी खाली आली! सत्तरीतली बाई नव्या साडीत खाली उतरली. आणि खाली काय होतं? गाड्यांचा उतार, काचेचं दार, आणि कुंपणाची भिंत. पहिले काही मजले नुसते पार्किंगचे. बसायला जागा एकच, वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची. तो बिचारा उठून उभा राहायचा आणि मावशी त्या खुर्चीत बसायची. त्यावरही सोसायटीत चर्चा झाली म्हणे, की ते "बरं दिसत नाही". आणि कट्टा गाठायचा तर रस्ता ओलांडा, खणलेला फुटपाथ चुकवा. ते तिच्या गुडघ्यांना जमेना. महिन्याभरात तिने खाली यायचं सोडलं. टोपलीचा प्रश्नच नव्हता. चौदाव्या मजल्यावरून हाक मारली तरी खाली ऐकणार कोण?

तेव्हापासून माझं मत ठरलंय. लिफ्ट पाहिजे, यात वादच नाही. नवी इमारत हवी तर ती होऊ दे, उंची वाढणार तर वाढू दे. पण भांडायचं असेल तर तळमजल्यासाठी भांडा. रस्त्याला लागून दुकानं असू द्या, पार्किंगची आंधळी भिंत नको. कुंपण छातीएवढं असू द्या, बाहेरचा माणूस आत दिसावा आणि आतला बाहेर. जुनी झाडं ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाराशी एक बाक बांधा, सिमेंटचा, उचलून नेता येणार नाही असा. करारनाम्यात चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडं या सगळ्याची घासाघीस होते. त्यात "दाराशी बाक" ही एक ओळ कुणी घातल्याचं मी ऐकलं नाही. पुढल्या वेळी कुणीतरी घाला. बिल्डरला त्याचा खर्च किती येणार? एका पार्किंगच्या जागेच्या किमतीत सगळ्या गल्लीला बाक होतील.

जी मंडळी अशा कुठल्या सोसायटीत राहतात (वाचणाऱ्यांत दोन-तीन तरी असाल) त्यांनी आपापल्या सभेत हा विषय काढून बघा. हसतील, पण काढा.

आता नातेवाईकांसाठी, कारण तुम्ही म्हणाल मुंबईच्या बाकाशी आमचा काय संबंध.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना ढाळज होती आठवते का? दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना बसायची उंच जागा. पाहुणा, पोस्टमन, तलाठी, बैल हरवला म्हणून विचारायला आलेला परगावचा माणूस, कुणीही तिथे टेकायचा. घरात घेण्याइतकी ओळख नसलेल्या माणसालाही पाणी मिळायचं ते तिथेच. घराबाहेर ओटा, गावात पार. ज्याचं जसं नातं तशी त्याला बसायला जागा. (ढाळजेत, पारावर कोण बसू शकत होतं आणि कुणाला खाली उभं राहावं लागत होतं, हेही विसरू नका. त्या बाबतीत पार्काचा कट्टा आपल्या ढाळजेपेक्षा मोठ्या मनाचा आहे. म्हणून तर तो बघून या म्हणतोय.)

आता आपण काय बांधतोय? फाट्यावर बघा, गावात बघा. रस्त्याला चिकटून शटरचे गाळे, वर दोन मजले घर, बाजूने चिंचोळा जिना आणि त्याला लोखंडी दार. ओटा बांधला तर लोक बसतात, म्हणून ओटा नाही. दुकानासमोर पायऱ्या केल्या तर त्यांवर बसू नये म्हणून टोकदार सळया बसवलेल्याही मी पाहिल्यात. रस्ता रुंद होतो तेव्हा आधी झाड जातं, मग झाडाखालचं बाकडं जातं, आणि मग एसटीची वाट बघणारी म्हातारी डोक्यावर पदर घेऊन पत्र्याच्या सावलीच्या शोधात उभी राहते. काही तासांनी येणाऱ्या गाडीची वाट उभ्याने बघायची? फाट्यासारख्या, थांबण्यावरच जगलेल्या ठिकाणी बसायला जागा नसावी, याहून मोठा विनोद नाही.

दर दिवाळीनंतर आपल्यापैकी कुणाचं ना कुणाचं बांधकाम निघतंच. यंदाही दोघांची निघणार आहेत हे मला माहीत आहे, नावं घेत नाही! त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एलिव्हेशन, टाइल्स, ते पीओपीचं छत, सगळं मनासारखं करा. पण रस्त्याकडच्या बाजूला सहा फूट लांब, दीड फूट रुंद ओटा सोडा. वर पत्रा टाका. मिस्त्री म्हणेल जागा वाया जाते. त्याला चहा पाजा आणि ओटा बांधून घ्या. शंभर विटा आणि सिमेंटची एक-दोन पोती, याच्या पलीकडे खर्च नाही.

आणि मुंबईला गेलात की दादरला उतरा. मॉल काय, तो सेलूलाही कधीतरी येईल. अर्धा दिवस काढा, कट्ट्यावर बसा, पोरांची मॅच बघा. शेजारी बसलेल्या आजोबांना "तुम्ही इथं किती वर्षं?" एवढं विचारा, पुढचं ते सांगतील. परत आल्यावर फोनवर मला काय बघितलं ते सांगू नका. कुणाशी बोललात ते सांगा.

ब्लॉगवाल्या मंडळींनो, तुमच्या शहरात-गावात असा एखादा कट्टा, पार, ओटा अजून टिकून असेल तर कळवा. कधी त्या बाजूला आलो तर येऊन बसेन.